नऊ माजी अध्यक्ष आणि बुटांचा एक खोका : शाळेच्या डिनरच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

शाळेच्या वाचनालयात समितीची पहिली बैठक झाली. अकरा जण होतो. शाळेला पन्नास वर्षं झाली, म्हणून शाळेसाठी पैसे उभे करायच्या यंदाच्या डिनरला एका जोडप्याचा सत्कार न करता आजवरच्या सगळ्या माजी अध्यक्षांचा करायचा, असं ठरलं. एकूण नऊ. त्यांतले तीन आता नाहीत.

या नोंदी मी मराठीत ठेवतेय, कारण हिशेब आणि काळजी दोन्ही मला मराठीतच सुचतात. शिवाय ठाण्याला आईला आणि इस्राएलमध्ये लोदला मामाला पाठवता येतील. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. न्यू जर्सीच्या या शाळेत आमची मुलगी सहावीला आहे. शाळेत मराठी बोलणारं आमचं एकच घर.

आईसाठी थोडं खुलासेवार लिहिते. ही ज्यू डे-स्कूल. रविवारी दोन तास हिब्रू शिकवून घरी पाठवणारी नव्हे. सकाळी तेफिला म्हणजे प्रार्थना, मग तोरा, मिश्ना हे धर्मग्रंथ, हिब्रू, आणि त्याच दिवसात गणित, विज्ञान, इतिहास. मॅनहॅटनची रामाझ आणि बॉस्टनची मैमोनिदीस या अशा जुन्या शाळा, दोन्ही १९३७ च्या. १९४४ साली तोरा उमेसोरा ही संस्था निघाली आणि गावोगावी अशा शाळा उभ्या राहू लागल्या. आमची १९७४ ची, म्हणजे धाकटीच. आपल्याकडे अनुदानित शाळा असते तशी सोय इथे नाही. धार्मिक शाळेच्या शिक्षकांचा पगार सरकार देत नाही. सगळ्यांनी पूर्ण फी भरली तर कसंबसं भागेल, पण सगळ्यांना ती झेपत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांच्या मुलांना शाळा परत पाठवत नाही. मधली तूट भरून काढायची ती या एका रात्रीत.

तारखेवर एक तास गेला. शुक्रवार-शनिवार शब्बाथमुळे बाद. ९ फेब्रुवारीला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, त्या रात्री कोणी घराबाहेर पडणार नाही. १६ ला लांब सुट्टीचा शनिवार-रविवार, अर्धं गाव फ्लोरिडाला. पेसाहच्या सणापासून ओमेरचे, शोक पाळायचे दिवस सुरू, तेव्हा वाद्यं नकोत. शेवटी २ मार्च, रविवार ठरला. हिब्रू तिथी २ अदार. अदार लागला की आनंद वाढवावा, असं तालमूद या धर्मग्रंथातच आहे, त्यामुळे रब्बी लगेच हो म्हणाले.

माझ्याकडे जर्नलचं काम आलं. डिनरला प्रत्येकाच्या खुर्चीवर एक जाडजूड पुस्तिका ठेवतात. पुढे सत्कारमूर्तींची माहिती, मागे शुभेच्छांची पानं. पानं विकत घ्यायची असतात. खरा पैसा जेवणाच्या तिकिटात नाही, या पानांत आहे.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

नऊ नावांची यादी करायला बसले. दहा मिनिटांचं काम वाटलं होतं, तीन संध्याकाळी गेल्या.

दाराशी पितळी पाट्या आहेत. पाट्यांवरची वर्षं आणि जुन्या पत्रकांवरची वर्षं जुळत नाहीत. चौथ्या आणि पाचव्या अध्यक्षांमध्ये एक वर्ष दोघांच्याही नावावर आहे. पण खरा घोळ दुसराच. नवांत दोन बायका आहेत, आणि पाट्यांवर त्यांचं स्वतःचं नावच नाही. ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं आख्खं नाव. एकीने चार वर्षं शाळा चालवली, दुसरीने सहा. शाळेच्या भिंतीवर मात्र त्यांच्या नवऱ्यांची नावं आहेत, जे कधी अध्यक्ष नव्हतेच.

समितीत विषय काढला. एक जण म्हणाले, त्या काळची पद्धतच तशी होती. असेल. पण माझ्या आजीच्या मुंबईतल्या शाळेत त्याही आधी मुख्याध्यापिका होत्या आणि रिबेका रूबेन याच नावाने होत्या. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं. तिथे त्यांचं नाव कोणी झाकलं नाही.

ठरलं : जर्नलमध्ये प्रत्येकाचं स्वतःचं नाव, आणि खाली हिब्रू नाव, आईवडिलांच्या नावासकट. घरोघर फोन करून विचारायचं. काम माझंच.


१ डिसेंबर, रविवार

विनंतीपत्राचा मसुदा झाला. पानांचे दर ठरले. अर्धं पान १८० डॉलर, पूर्ण पान ३६०, सोनेरी पान १,८००. सगळे आकडे अठराच्या पटीत. हिब्रूत ‘खेत’ म्हणजे आठ, ‘योद’ म्हणजे दहा. दोन्ही जोडले की ‘खाय’ हा शब्द होतो, अर्थ जिवंत. म्हणून देणगी अठराच्या हिशेबात. आपल्याकडे पाकिटात एक रुपया वरती घालतात, तसंच काहीसं.

पत्र लिहिताना हात अडत होता. ‘आम्ही आपल्याला विनंती करतो’च्या पुढे वाक्य जाईना. आईला फोन केला. ती पहिलं वाक्य बोलली ते हेच, “अगं, आपल्या घरात कोणी कोणापुढे हात पसरला नाही.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पेणहून मुंबईला आलेले पणजोबा ट्रामच्या डेपोत कारकून होते. उमरखाडीत दोन खोल्या, पाच पोरं. पण हात पसरला नाही.

मग मी विचारलं, आजीची फी कोण भरत होतं?

आई थोडी गप्प झाली. म्हणाली, “फी माफ होती ना तिची.”

माफ म्हणजे कोणीतरी भरली. एवढी साधी गोष्ट मी आजवर अशी मांडून पाहिली नव्हती. आजीची शाळा म्हणजे माझगावची सर एली कदूरी. पूर्वीचं नाव इस्राएलाइट स्कूल. १८७५ साली हाइम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ती काढली. केहिमकर अलिबागचे. त्या आधी आपली मुलं शिकत ती मुख्यतः मिशनऱ्यांच्या शाळांत. मिशनऱ्यांनी आपल्याला चांगलं शिकवलं, हे नाकारून चालणार नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ सालीच मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं होतं. पण केहिमकरांना आपल्या मुलांसाठी आपली शाळा हवी होती, हिब्रू आणि मराठी दोन्ही शिकवणारी. त्यासाठी ते वर्षानुवर्षं मागत राहिले. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडून मदत आली. पुढे मूळच्या बगदादच्या एली कदूरींनी मोठी देणगी दिली आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. बगदादमध्ये मुलींची शाळा त्यांनी पत्नी लॉरा यांच्या नावाने बांधली होती, तेच हे गृहस्थ.

म्हणजे आपल्या घरात हात पसरला नाही, कारण केहिमकरांनी आपल्यासाठी पसरला होता.

रात्री पत्र पूर्ण झालं. ‘विनंती’ शब्द काढून टाकला. सरळ लिहिलं की या वर्षी इतक्या मुलांची फी कमी पडते आहे, तुम्ही किती द्याल.


८ डिसेंबर, रविवार

तळघर. शाळेच्या जुन्या सामानात आज चार तास काढले. समितीतली एक मुलगी मदतीला होती. बॉयलरच्या मागे, हनुक्काच्या सजावटीखाली बुटांचा एक खोका सापडला. आत सुतळीने बांधलेली कार्डं, तीन इंच बाय पाच इंचाची. मोजली : २१२.

हे शाळेच्या पहिल्या सात-आठ वर्षांचं मागणं. प्रत्येक कार्ड म्हणजे एक घर. वर आडनाव, फोन. खाली तारखा आणि दोन-तीन अक्षरांत, त्या दिवशी काय झालं. अक्षर पहिल्या अध्यक्षांचं, पुढे दुसऱ्यांचं, मग एका बाईचं गोल, सुरेख अक्षर. नावं इथे लिहीत नाही, पण मजकूर उतरवून ठेवते, कारण मला तो विसरायचा नाही.

“गुरुवारी संध्याकाळी नको. दुकानात गर्दी.”

“आधी आईची चौकशी करणे. मग पैसे.”

“या वर्षी नाही म्हणाले. बरोबर आहे. पुढच्या वर्षीही विचारणे, नाहीतर वाटेल आपण विसरलो.”

“२५ दिले. त्यांना ते २५०० च्या जागी आहेत. आभाराचं पत्र हाताने लिहिणे.”

“यूरोपात असताना त्यांची शाळा बंद पाडली होती. हे बोलू नका. ते स्वतः बोलतात.”

“फोनवर ओरडले. दुसऱ्या दिवशी चेक घेऊन आले.”

तिथेच जमिनीवर बसून सगळी वाचली. पाय बधिर झाले तरी उठवेना. सभेची इतिवृत्तंही पेटीत आहेत. त्यांत १९७६ च्या हिवाळ्यातला ठराव आहे. शिक्षकांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता, आणि तीन पदाधिकाऱ्यांनी स्वतःची राहती घरं बँकेला तारण देऊन कर्ज उचललं. इतिवृत्तात ते एका ओळीत संपतं, त्यापुढची ओळ छपराच्या गळतीची.

पितळी पाट्यांवर यातलं काहीच नाही. पाटीवर नाव आणि वर्ष. जर्नलमध्येही माणसांचे फोटो आणि ‘दूरदृष्टीचं नेतृत्व’ असले शब्द जाणार होते. ते आता मला चालणार नाहीत. या माणसांनी नेमकं काय केलं ते कार्डांत लिहिलेलं आहे. त्यांनी फोन केले. नाही ऐकून घेतलं. पुन्हा केले.

उरलेलं काम : कार्डांचे फोटो काढणे. कोणाचंही नाव, आडनाव, रक्कम दिसणार नाही अशा सात-आठ ओळी जर्नलसाठी निवडणे. रब्बींना आधी दाखवणे.


१९ डिसेंबर, गुरुवार

हॉल आणि जेवण. हॉटेलचा हॉल घेतला, जेवण बाहेरच्या कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या केटररचं. तो स्वतःची भांडी, सुऱ्या, ताटं सगळं आणणार. हॉटेलच्या भट्ट्या आधी कडक तापवून कोशर करून घेणार. मश्गियाख, म्हणजे देखरेखीचा माणूस, दुपारपासून तिथे उभा राहील. भाजी निवडताना कीड पाहणं, अंडी फोडून रक्ताचा ठिपका नाही ना बघणं, विस्तव पेटवणं, सगळं त्याच्या नजरेखाली. वाइन मेवुशाल, म्हणजे तापवलेली, कारण वाढपी ज्यू नसतील आणि साधी कोशर वाइन त्यांनी ओतलेली चालत नाही.

जेवण मांसाहारी, आणि मांसासोबत दूध चालत नाही, म्हणजे गोडात दूध, तूप, लोणी काही चालणार नाही. केटररने नेहमीची यादी दाखवली : चॉकलेट केक, फळं, सोयाच्या क्रीमचं काहीतरी. मी विचारलं, नारळाच्या दुधातलं एखादं पक्वान्न चालेल का?

आपला चिकाचा हलवा. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, वर बदाम-पिस्ते. आपल्याकडे रोश हाशानाला, ज्यू नववर्षाला, होतोच. त्यात गाईचं दूध नाही. मटणाच्या जेवणानंतर खाता यावं म्हणून कोकणातल्या आपल्या बायकांनी नारळावर सगळा स्वयंपाक बसवला. इकडे ज्याला ‘पार्वे डेझर्ट’ (ना दूध, ना मांस) म्हणून कारखान्यात शोध लावावे लागतात, ते आपण अलिबाग-पेणला चुलीवर करत होतो.

घरी करून नेता येणार नाही, हे माहीत होतंच. घरच्या स्वयंपाकघरातलं काही केटररच्या टेबलावर येत नाही. म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन शिकवणार. मश्गियाखने नारळाच्या दुधाच्या डब्यावरचं कोशर चिन्ह तपासून पाहिलं, वेलदोडे फोडून हुंगले, आणि गव्हाच्या चिकाबद्दल पंधरा प्रश्न विचारले. शेवटी म्हणाला, कॉर्नफ्लॉरवर केलं तर मला सोपं जाईल. मुंबईतही आता बरेच जण तसंच करतात. कबूल केलं.


५ जानेवारी २०२५, रविवार

आज गोल अक्षरवाल्या बाईंना भेटले. तिसऱ्या अध्यक्ष. वय ९१, वृद्धांच्या निवासात राहतात. कार्डांचे फोटो टॅबवर मोठे करून दाखवले. पहिलं कार्ड पाहिलं आणि तो माणूस कसा हसायचा ते सांगायला लागल्या. मी आणलेले प्रश्न बाजूला ठेवले.

त्यांची एक गोष्ट जर्नलच्या मध्यावर टाकायची आहे. फी-सवलतीची यादी त्यांच्या काळात एकाच माणसाकडे असायची, अध्यक्षांकडे. खजिनदाराला फक्त आकडा. बाकी मंडळाला तोही नाही. यादीत आडनावं नसत, मुलांची पहिली नावं फक्त, आणि तीही बदललेली. त्यांनी आपल्याच मनाने झाडांची नावं दिली होती. ओक, मेपल, विलो. मंडळाच्या बैठकीत कोणी म्हणायचं, “मेपलचं काय?” तर त्या म्हणत, मेपलला अजून दोनशे लागतील. आणि कधी कधी मेपलचे वडील त्याच टेबलाशी बसलेले असत.

मैमोनिदीस या ज्यू पंडिताने बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्या. सगळ्यात वरची, माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं. तिच्या खालची, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. बाईंनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. त्यांनी झाडांची नावं सांगितली.

त्यांना विचारलं, तुमचं नाव कसं छापू? त्यांनी आधी हिब्रू नाव सांगितलं, मग आईचं, मग आजीचं. वडिलांचं सर्वांत शेवटी. पाटीवरचं नाव त्यांनी कधी वाचलंच नसावं असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं, किंवा वाचून सोडून दिलं असेल. मी विचारलं नाही.

गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली फिरवली नाही. आम्हीही दोन वर्षं झाड आहोत. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हापासून लेकीची निम्मी फी माफ आहे. समितीत कोणालाही माहीत नाही. शाळेने कधी कोणाला कळू दिलं नाही. हे मी इथे पहिल्यांदा लिहितेय, आणि आईला ही नोंद पाठवणार आहे.


२३ जानेवारी, गुरुवार

पानांची मुदत संपली. १३७ पानं. अर्ध्यांहून जास्त शेवटच्या दोन दिवसांत आली.

छापखान्यातून पहिलं प्रूफ आलं आणि रात्रभर झोप नाही. हिब्रू उजवीकडून डावीकडे. मी मजकूर एका प्रोग्राममधून उचलून दुसऱ्यात चिकटवला, आणि त्याने सगळी अक्षरं डावीकडून मांडली. प्रत्येक हिब्रू नाव उलटं. ते दिसतं तरी. याहून वाईट जे होतं ते पटकन दिसत नव्हतं. आपण दिवंगताच्या नावाआधी ‘कै.’ लिहितो, तसं हिब्रूत नावानंतर झाइन आणि लामेद ही दोन अक्षरं घालतात. आठवण आशीर्वाद ठरो, असा अर्थ. ओळी सरकल्या आणि ती दोन अक्षरं पाचव्या अध्यक्षांवरून सहाव्या अध्यक्षांच्या नावापुढे जाऊन बसली. सहावे अध्यक्ष ८८ वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी मिन्यानला, सामुदायिक प्रार्थनेला येतात.

चूक माझीच, चिकटवलं मी. लेकीने पकडली. ती सहावीत, हिब्रू माझ्याहून भराभर वाचते. प्रूफ हातात घेऊन म्हणाली, “आई, हे आजोबा तर काल शाळेत होते.”

नवी पद्धत : प्रत्येक हिब्रू नाव तीन जण वाचणार. मी, हिब्रूच्या बाई आणि सहावीचा वर्ग. वर्गाला हे काम फार आवडलं. शुक्रवारच्या तासाला नऊ नावं फळ्यावर लिहून बघणार आहेत.


३ फेब्रुवारी, सोमवार

सातवे अध्यक्ष येणार नाहीत. इमारतीच्या कर्जावरून त्या काळी भांडण झालं होतं, आणि ते अजून निवळलेलं नाही. कोण बरोबर होतं ते इतिवृत्तांवरून कळत नाही, आणि मला कळून घ्यायचंही नाही. त्यांचं पान बाकीच्यांइतकंच, तेवढ्याच आकाराचा फोटो. पण त्यांचा फोन आला होता. यादीत १९९२ लिहिलंय, ते १९९३ करा म्हणाले. केलं.

टेबलं : ३४. बैठकव्यवस्था दुसऱ्या एका बाईंकडे आहे, त्यांना माझा नमस्कार.


११ फेब्रुवारी, मंगळवार

फोनची रात्र. शाळेच्या ऑफिसात आठ जण, आठ फोन, पिझ्झा. मला चौदा नावं मिळाली. ज्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही ते.

पहिला फोन लावायला मला वीस मिनिटं लागली. नंबर दाबायचा आणि ठेवायचा. मग पर्समधून कार्डाचा फोटो काढून समोर ठेवला. “आधी आईची चौकशी करणे. मग पैसे.” पहिल्या घरी एक गृहस्थ होते, मुलं केव्हाच शिकून बाहेर पडलेली. मी आईची चौकशी केली. त्या गेल्याच महिन्यात वारल्या होत्या. आम्ही दहा मिनिटं बोललो, म्हणजे ते बोलले. पैशाचं काढवेना. शेवटी तेच म्हणाले, “तुम्ही पानासाठी फोन केलात ना? आईच्या नावाने पूर्ण पान लिहा.”

चौदातल्या पाचांनी हो म्हटलं. सहा नाही. तिघांनी उचलला नाही. ‘नाही’ ऐकलं की छातीत धस्स होतं, ते सहाव्यांदाही झालं. पण फोन ठेवल्यावर मी प्रत्येकाचं कार्ड लिहिलं, त्याच तीन बाय पाचच्या मापाचं. येताना दुकानातून पाकीट घेऊन गेले होते. बाकीचे सात जण संगणकात भरत होते. मी दोन्हीकडे लिहिलं.


२० फेब्रुवारी, गुरुवार

जर्नल छापायला गेलं.

कार्डांच्या ओळींची दोन पानं रब्बींनी मंजूर केली. त्यांनी एकच ओळ काढायला लावली, यूरोपवाली. ते घर अजून गावात आहे. बरोबर केलं.

आम्हीही एक अर्धं पान घेतलं. नवरा म्हणाला, यंदा कसं जमेल? मी म्हटलं, अठराच्या पटीत जमेल तेवढं देऊ. मग तीन हप्त्यांवर ठरलं. मजकूर मराठीत, देवनागरीत, खाली इंग्रजी नाही :

“माझ्या आजीच्या स्मरणार्थ, जिची फी माझगावच्या शाळेत कोणीतरी भरली. आणि तिच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन यांच्या स्मरणार्थ.”

छापखान्याने विचारलं, ही कोणती लिपी, आणि हीसुद्धा उलटी तर नाही ना? मी फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. देवनागरी नीट आली.


२ मार्च, रविवार

रात्रीचे पावणेदोन. पाय दुखताहेत. जमेल तेवढं लिहून झोपते.

सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होता, म्हणून साडेपाचला मिन्हा, दुपारची प्रार्थना. हॉलच्या बाजूच्या खोलीत पुरुष उभे राहिले, मागे आम्ही. मग हात धुण्याच्या जागा, भाकरीवरची हामोत्सी प्रार्थना, जेवण. भाषणं तीनच ठेवली होती, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि खरंच पाच मिनिटं झाली.

सत्कार वेगळ्या पद्धतीने केला. मंचावर ढाल-शाल काही नाही. सहावीची मुलं एकेक करून पुढे आली आणि प्रत्येकाने एका अध्यक्षांचं हिब्रू नाव, आईवडिलांच्या नावांसकट, मोठ्याने वाचलं. जे गेले त्यांच्या नावानंतर सगळा हॉल उभा राहिला. गोल अक्षरवाल्या बाई चाकांच्या खुर्चीत पहिल्या टेबलाशी होत्या. त्यांचं नाव माझ्या लेकीने वाचलं. आईचं नाव आधी, वडिलांचं नंतर, त्यांनी मला सांगितलं होतं तसंच. बाईंनी हात वर केला, वर्गात हजेरीला करतात तसा.

सहावे अध्यक्ष माझ्याकडे येऊन म्हणाले, प्रूफची गोष्ट कळली. मी घाबरले. त्यांनी जर्नल उघडून स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, शेवटचं अक्षर तपासलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बेराखा, आशीर्वाद दिला.

चिकाचा हलवा ३४० वड्या होता. एकही उरला नाही. मश्गियाखने दोन कागदात बांधून घेतल्या. एका टेबलावरच्या आजींनी विचारलं, हे कुठलं? मी म्हटलं, कोकणातलं. त्यांना कळलं नाही, मग मी हातरुमालावर किनारा काढून दाखवला. मुंबई, खाली अलिबाग, त्याच्या जवळ नवगाव, जिथे आपल्या पूर्वजांची तारवं फुटली असं आपण सांगतो.

बिर्कत हमाझोन, जेवणानंतरची प्रार्थना, झाल्यावर लोक गेले. उरलेलं बंद अन्न मश्गियाखच्या देखरेखीखालीच कोशर अन्नछत्राच्या गाडीत गेलं.


४ मार्च, मंगळवार

हिशेब.

तिकीट ज्यांनी घेतलं त्यांच्या पावतीवर जेवणाची किंमत वेगळी लिहायची. पंचाहत्तर डॉलरच्या वर दिलं आणि मोबदल्यात जेवण मिळालं, तर करसवलत फक्त जेवणाच्या किमतीच्या वरच्या रकमेवर मिळते, आणि ते संस्थेनेच लेखी कळवायचं असतं. अडीचशे आणि त्यावरच्या प्रत्येक देणगीला वेगळं पत्र. खजिनदार आणि मी आज ९० पत्रं काढली. सहीखाली हाताने एक ओळ, प्रत्येकाला वेगळी. बाकीची गुरुवारी.

आकडा मंडळ जाहीर करेल. खजिनदारांनी एवढंच सांगितलं की या वर्षी कोणतंही झाड परत जाणार नाही. तो शब्द त्यांना कसा माहीत, मी विचारलं नाही. जर्नल वाचलं असेल.

आईचा फोन आला होता. ५ जानेवारीची नोंद तिने वाचली. फीबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, ठाण्याच्या मशिदीच्या (आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो) गबाईंना, कारभाऱ्यांना, विचारून बघते, इस्राएलाइट स्कूलच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोण कोण आहेत. मग म्हणाली, “आणि त्या पानाचा पहिला हप्ता माझ्याकडून घे.”

बुटांचा खोका नवा आणला, जुना फाटला होता. २१२ कार्डं सुतळी काढून ठेवली, मागे माझी चौदा. मग एक कोरं कार्ड घेतलं आणि वर आमचं आडनाव लिहिलं. फोन नंबर. खाली : “संध्याकाळी सातनंतर. बाईशी बोलणे. नवरा थोडा वेळ मागेल, द्यावा. या वर्षी तीन हप्ते. पुढच्या वर्षीही विचारणे.”